टाचा टेकवून उभं राहा

मित्रांनो, मी एक जुनी उंचीपट्टी आहे आणि माझा स्वभाव जळका आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं तुम्हाला धक्का बसणार नाही. इतर वस्तू आपली कहाणी सांगताना मन किती मोठं ठेवतात, झिजल्या तरी कशा समाधानी असतात, ते मी ऐकून आहे. मला ते जमत नाही. मी दोन मीटर उंच आहे, पण माझं मन बोटभर आहे. या खोलीत माझ्या शेजारी वजनाचा काटा आहे आणि समोर खिडकीपाशी एक मोठी, मागे रेलणारी खुर्ची आहे. त्या दोघांचं काही चांगलं झालं की माझ्या पोटात दुखतं.

माझा जन्म मोजमापाची साधनं बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात झाला. तिथल्या सुतारानं माझं लाकूड आधी सावलीत पुष्कळ दिवस वाळवलं. ओलं लाकूड पुढं आक्रसतं, आणि उंचीपट्टी आक्रसली की माणसं फुकटात उंच होतात. मग त्यानं माझ्या अंगावर बारीक रेघा कोरल्या, त्यांत काळा रंग भरला आणि वरखाली सरकणारा एक लाकडी तुकडा बसवला. तो माणसाच्या डोक्यावर टेकतो, म्हणून सगळे त्याला टोपी म्हणतात. शेवटी त्यानं धातूचा मीटर आणला. मीटर म्हणजे नुसती एक मीटर लांबीची दांडी, पण आमच्या कुळात त्याचा शब्द शेवटचा. तो मला खेटून उभा राहिला आणि त्याचं डोकं माझ्या शंभराच्या रेघेशी बरोबर जुळलं. सुतार म्हणाला, "ही खोटं बोलायची नाही." त्या एका वाक्यावर मी आजवर जगते आहे.

तिथून मी या दवाखान्यात आले. शरीरातल्या ग्रंथींचे विकार बघणारा हा दवाखाना. आपल्या डोक्यात, दोन्ही भुवयांच्या मागे खोलवर, वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. ती वाढीचं संप्रेरक तयार करते. इथं सगळे त्याला ग्रोथ हार्मोन म्हणतात, म्हणून मीही तसंच म्हणते. ज्या मुलांच्यात ते कमी असतं ती वाढत नाहीत. वर्गातली बाकीची मुलं ताडासारखी उंच होतात आणि ही मात्र पहिल्या बाकावरच राहतात. अशी मुलं इथं यायची. त्यांना रोज झोपण्यापूर्वी त्या हार्मोनची सुई घ्यावी लागायची आणि ती सुई लागू पडते की नाही हे सांगायचं काम माझं होतं. फक्त माझं.

काय दिवस होते ते! मुलं दारातून आत आली की थेट माझ्याकडे धावायची. शेजारचा काटा तेव्हाही होता. लोखंडी, वजनं सरकवायचा, करकरणारा. त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे. मुलं माझ्याशी पाठ लावून उभी राहायची, आई-बाप श्वास रोखून धरायचे आणि मोठ्या सिस्टर माझी टोपी हळूच खाली आणायच्या. त्यांच्या तोंडून आकडा निघाला की कोणाच्या तरी डोळ्यांत पाणी यायचं. काटा बिचारा कोपऱ्यात गप्प उभा असायचा. मला त्याची कीव यायची का? अजिबात नाही.

मोठ्या सिस्टर म्हणजे या खोलीचा कायदा. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "टाचा टेकवून उभं राहा." मुलं लबाड असतात. आकडा वाढावा म्हणून हळूच टाचा उचलतात.  मोठ्या सिस्टर खाली वाकून टाचेखाली कागदाची एक चिठ्ठी सरकवायच्या. चिठ्ठी सहज आत गेली की टाच हवेत आहे हे कळायचं. मग त्या मुलाच्या पोटरीवर चापटी बसायची आणि टोपी पुन्हा खाली यायची. महिन्यातून एकदा त्या कपाटावरचा धातूचा मीटर काढून मलाही ताडून बघायच्या. "मुलांची झडती घेते, तर तुझीही घ्यायला हवी," असं म्हणायच्या. माझा त्यांच्यावर जीव होता.

त्या मुलांमध्ये एक मुलगी होती. तिची आई तिला बटण म्हणायची, कारण ती तेवढीच होती. मी माणसं चेहऱ्यावरून ओळखत नाही, टाळूवरून ओळखते. माझी नजर तिथंच पडते, त्याला मी काय करणार? बटणाच्या टाळूवर केसांचे दोन भोवरे होते, एकमेकांना चिकटून, उलट्या दिशांनी फिरलेले. तिच्याइतकी चिकाटीनं टाचा उचलणारी मुलगी मी दुसरी पाहिली नाही. मोठ्या सिस्टरांची चिठ्ठी तिच्या टाचेखाली जायचीच. त्या म्हणायच्या, "बटण, तुझ्या पायात स्प्रिंग आहे का ग?" ती म्हणायची, "तुमची पट्टीच खाली सरकलीय."

मोठ्या डॉक्टरांनी माझ्या शेजारी भिंतीवर पेन्सिलनं एक रेघ मारून ठेवली होती, एकशे पंचावन्न सेंटिमीटरवर. "इथपर्यंत जायचा प्रयत्न करू," असं त्यांनी तिला सांगितलं होतं. बटण दर वेळी येऊन आधी ती रेघ बघायची आणि मग माझ्यापाशी उभी राहायची. वर्षं गेली. तिची आई रोज सुई टोचत राहिली आणि बटण इंचाइंचानं वर येत गेली. मग एके दिवशी हाडांचे फोटो बघून मोठे डॉक्टर म्हणाले की हाडं आता पिकली, यापुढं उंची वाढायची नाही, सुई बंद. त्या दिवशी माझी टोपी दीडशे आणि अर्ध्यावर थांबली. पेन्सिलची रेघ साडेचार सेंटिमीटर वर राहिली.

माझ्या मते दीडशे आणि अर्धा हा थोर आकडा होता. कुठून निघाली होती ती पोर! पण तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती भिंतीवरच्या रेघेकडे पाहत राहिली आणि निघून गेली. मित्रांनो, एका पेन्सिलच्या रेघेवर जळायची पाळी माझ्यावर आली, यावरून माझ्या स्वभावाची कल्पना करा.

पुढं मोठे डॉक्टर थकले, मोठ्या सिस्टर निवृत्त झाल्या, जुने कागद रद्दीत गेले आणि भिंतीला नवा रंग लागला. त्यात ती रेघही गेली. नव्या मॅडम आल्या. त्या मोठ्या माणसांना तपासतात. मोठ्या माणसांनाही ग्रोथ हार्मोन लागतं बरं का. उंचीसाठी नव्हे. हाडं, स्नायू, अंगातली ताकद आणि चरबीचा हिशेब त्याच्यावर चालतो. डोक्यात गाठ झालेले, डोक्याला मार बसलेले आणि लहानपणी सुया घेतलेले असे लोक येऊ लागले. त्यांतले पुष्कळ जण अंगानं जाड. थकलेले. जिना चढताना धापा टाकणारे.

आणि इथून माझे वाईट दिवस सुरू झाले. मोठ्या माणसाची उंची थोडीच बदलते? म्हणून ती कोणी मोजेना. नवी सिस्टर तरुण आहे, कामाला चटपटीत आहे, मनानं चांगली आहे, पण ती विचारते, "उंची किती?" समोरचा सांगतो, ती लिहून घेते. संपलं. माझ्या टोपीवर कोणी छत्री अडकवतं, कोणी हातातली पिशवी. एकदा एका गृहस्थानं हेल्मेट ठेवलं. माझ्या रेघांवर धूळ साचली. ज्या टोपीखाली मुलं देवाला हाक मारत उभी राहायची, तिची खुंटी झाली.

जुना काटा भंगारात गेला तेव्हा मी मनातून खूश झाले होते. पण त्याच्या जागी काचेचा, निळ्या उजेडाचा नवा काटा आला. नव्याचे नऊ दिवस असतात म्हणून मी वाट पाहिली. कसचं काय! दर माणूस त्याच्यावर दोनदा चढतो. एकदा चपला घालून आणि एकदा काढून. लोक त्याच्याशी बोलतातसुद्धा. "अरे, आज तरी कमी दाखव." माझ्याशी कोण बोलतं? त्याला रोज दोनदा पुसतात. सेल कमी झाले की तो टुकटुक करून रडतो आणि सिस्टर धावत येते. मी रडले तर कोणाला ऐकूसुद्धा येणार नाही.

खुर्चीचं तर विचारूच नका. ग्रोथ हार्मोनची चाचणी तिच्यात बसून होते. हे हार्मोन दिवसभर एकसारखं वाहत नाही, मधूनच उसळतं. म्हणून कधीतरी एकदा रक्त तपासून काही कळत नाही. मग सकाळी उपाशीपोटी माणसाला खुर्चीत बसवतात आणि एक इंजेक्शन देतात. ते इंजेक्शन ग्रंथीला डिवचतं. पुढं काही तास थोड्या थोड्या वेळानं रक्त घेतात आणि हार्मोन कुठवर उसळलं ते बघतात. झोपलेल्याला हाक मारून तो कसा उठतो ते बघावं, तसं. तेवढा सगळा वेळ माणूस खुर्चीचा असतो. तिच्या हातावर हात ठेवतो, तिच्यात डुलकी घेतो, आपली सुखदुःखं तिच्यात बसून सांगतो. जाताना "बरी आहे हो खुर्ची" असंही म्हणतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, आणि माझा तळपाय मस्तकापासून पुष्कळ लांब आहे.

अशातच एक दिवस दोन बायका आत आल्या. एक म्हातारी, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेली. दुसरी पस्तिशीची, जाड, बुटकी, चेहरा ओढलेला. सिस्टरनं तिला काट्यावर चढायला सांगितलं. ती चपला काढायला वाकली आणि मला तिची टाळू दिसली. दोन भोवरे, चिकटून, उलट्या दिशांनी फिरलेले.

माझी बटण! मला वाटलं, आता वळेल, मला बघेल. ती माझ्या अगदी बाजूनं गेली. तिची ओढणी मला घासली. ती काट्यावर चढली आणि डोळे मिटून उभी राहिली.

"एकाहत्तर," सिस्टर म्हणाली. "आणि उंची किती, ताई?"

"एकशे पंचावन्न," बटण म्हणाली. अगदी सहज, स्वतःचं नाव सांगावं तशी.

सिस्टरनं लिहून घेतलं. मला काय वाटलं ते कसं सांगू? जिनं माझ्यापाशी मिलिमीटर मिलिमीटर मोजून घेतला, ती माझ्या तोंडावर त्या पुसून गेलेल्या रेघेचा आकडा सांगत होती. आणि माणसाच्या जिभेला कोणी मीटर लावून बघत नाही.

त्यांच्या बोलण्यावरून मला कळलं की बटण आता गिऱ्हाइकांच्या मापानं कपडे शिवणाऱ्या एका कारखान्यात कटर आहे. मापं घेते, कापड बेतते, कापते. पण अलीकडे तिला उभं राहवत नव्हतं. वजन वाढत चाललं होतं, दुपार झाली की अंगातला जीव निघून जायचा. मालकानं सांगितलं होतं की टेबल सांभाळणं होत नसेल तर तिनं घडी घालायच्या कामावर बसावं. बटणाला कात्री सोडायची नव्हती. आणि लहानपणचा आजार पुन्हा डोकं वर काढतोय का, ही धास्ती घेऊन ती आली होती.

चाचणीच्या दिवशी ती त्या खुर्चीत बसली. माझ्याकडे पाठ. आई स्टुलावर बसली. सिस्टर अधूनमधून येऊन रक्त घेत होती आणि मधल्या वेळात गप्पा मारत होती.

"तुम्हाला सुईची भीती नाही वाटत?" सिस्टरनं विचारलं.

"हिला विचारा," बटण आईकडे बघून म्हणाली. "मी पलंगाखाली लपायचे आणि ही पाय धरून ओढून काढायची."

"ओढायचे, सुई टोचायचे आणि मग मोरीत जाऊन रडायचे," आई म्हणाली. "हिला वाटायचं, मी हात धुतेय."

 हे बटणाला ठाऊक नसावं. ती म्हणाली, "परत रोजची सुई लागली तर मी घेईन, आई. पण मनातून नको वाटतं ग. सात वर्षं मी रोज संध्याकाळ झाली की घाबरायचे. आता कुठं संध्याकाळ आवडायला लागलीय."

मग सिस्टरनं विषय बदलायला म्हणून तिच्या कामाचं विचारलं. बटण खुलली. म्हणाली, "गिऱ्हाइकाला माप कधी विचारायचं नाही, हा आमचा पहिला धडा. कंबर विचारली की दोन इंच कमी सांगतात, उंची विचारली की दोन इंच जास्त. मुद्दाम खोटं नाही बोलत हो. त्यांना तसंच वाटत असतं. मी विचारतच नाही. टेप लावते."

सिस्टर खूप हसली. आईही हसली. मित्रांनो, हातभर अंतरावर मी उभी होते. मला जीभ असती तर मी त्या दवाखान्याची भिंत हलवली असती. पण आमच्या जातीला बोलता येत नाही. आम्हाला कोणीतरी टेकावं लागतं.

निकालाच्या दिवशी मॅडमनी त्या दोघींना खोलीतच बोलावलं. मॅडम नीट समजावून सांगतात, हा त्यांचा गुण मला नाकारता येत नाही.

"तुमचं हार्मोन सगळ्यात वर गेलं तेव्हा दोनच्या जरा खाली होतं," त्या म्हणाल्या. "तुमच्या अंगकाठीच्या माणसासाठी आपण तीनची रेघ धरतो. तुम्ही तिच्या खाली आहात. लहानपणीही कमी होतं. म्हणजे कमतरता आहे असं धरून आपल्याला रोजची सुई सुरू करावी लागेल. बहुधा पुष्कळ वर्षं."

"पुष्कळ म्हणजे?" आईनं विचारलं.

"कायमची म्हणा."

बटणानं मान हलवली.  सुई कशी घ्यायची ते शिकवायला सिस्टर औषधाची पेटी आणायला गेली आणि मॅडम दुसऱ्या पेशंटकडे गेल्या. खोलीत दोघीच उरल्या. आणि मी. काटा आणि खुर्चीही होते, पण त्यांना मी धरत नाही.

आई उठली. तिला लेकीकडे बघवत नसावं, म्हणून ती भिंतीकडे बघत होती. तिनं दोरीचा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्या टोपीवरची कोणाची तरी पिशवी काढून खाली ठेवली. पदरानं माझ्या रेघांवरची धूळ पुसली.

"बटण," ती म्हणाली, "ही तीच पट्टी आहे ग. ये, उभी राहा."

"आई, आता काय लहान आहे का मी?"

"ये म्हणते ना. सुया पुन्हा सुरू करायच्यात तर हिलाही भेटून घे."

बटण आली. चपला काढल्या. माझ्याशी पाठ लावली. किती वर्षांनी! ती पाठ आता रुंद आणि ऊबदार होती. आईनं माझी टोपी खाली आणली आणि चष्मा सावरून आकडा वाचला. मग पुन्हा वाचला.

"दीडशे आणि अर्धा," ती म्हणाली.

"एकशे पंचावन्न असेल, नीट बघ."

"नीटच बघतेय."

बटण माझ्याखालून बाहेर आली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "जुनी झालीय ही. सरकली असेल भिंतीवरून."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. जळणं मला नवं नाही, पण त्या क्षणी मी जळले नाही. मला नुसतं दुखलं. एवढ्यात सिस्टर पेटी घेऊन आत आली. तिनं आईचं तोंड बघितलं, टोपी कुठं थांबलीय ते बघितलं आणि तिचा चेहरा एकदम बदलला. तिनं पेटी खुर्चीवर ठेवली. स्टुलावर चढून कपाटावर हात घातला आणि जाळ्याजळमटांतून धातूचा मीटर काढला. तो पुसला आणि मला खेटून उभा केला.

मित्रांनो, एवढी वर्षं मला कोणी ताडून पाहिलं नव्हतं. भिंतीचा रंग खरडला होता, दोन पावसाळ्यांत ओल आली होती, माझा एक खिळा ढिला होता. माझा स्वतःवर भरवसा होता, पण मीटरवर त्याहून जास्त. तो म्हणाला असता की मी खोटी, तर मी मान्य केलं असतं. सिस्टरनं जमिनीपासून शंभरापर्यंत बघितलं. मग मीटर वर उचलून शंभरापासून दोनशेपर्यंत बघितलं. दोन्हीकडे तिला नखाएवढाही फरक दिसला नाही.

"पट्टी बरोबर आहे, ताई," सिस्टर म्हणाली.

बटण खुर्चीच्या काठावर बसली. तिनं आपल्या पायांकडे बघितलं. मग म्हणाली, "पहिल्या नोकरीत एकशे पंचावन्नच्या खालच्या मुली घेत नव्हते. दुकानात काउंटरमागे उभं राहायचं काम होतं. मी उंच टाचांच्या चपला घालून गेले आणि तो आकडा सांगितला. मग प्रत्येक ठिकाणी तोच सांगत गेले. आता मला आठवतसुद्धा नव्हतं की तो खरा नाही." तिनं मान वर केली. "मला तसंच वाटत होतं."

हे शेवटचं वाक्य म्हणताना तिला आपलंच बोलणं आठवलं असावं, कारण तिनं कपाळावर हात मारून घेतला. "बाई ग. मी कटर आहे."

"मीसुद्धा टेप नाही लावली," सिस्टर म्हणाली आणि मॅडमना बोलवायला धावली.

मॅडम आल्या. सिस्टरचं ऐकून त्यांनी स्वतः माझी टोपी खालीवर करून पाहिली आणि मग कागदावर हिशेब केला. उंची आणि वजन मिळून एक आकडा निघतो, बीएमआय. एकशे पंचावन्न धरलं तर बटणाचा बीएमआय तिसाच्या आत येत होता. दीडशे आणि अर्धा धरल्यावर तो एकतिसाच्या वर गेला. मॅडम खुर्चीसमोर स्टूल ओढून बसल्या.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "ग्रंथी धडधाकट असली तरी अंगावर चरबी जास्त असेल तर डिवचल्यावर हे हार्मोन कमीच उसळतं. जाड रजई घेऊन झोपलेल्याला हाक उशिरा ऐकू येते, तसं. तो बहिरा नसतो. म्हणून तिसाच्या वर बीएमआय असेल तर आपण तीनची रेघ धरत नाही, एकची धरतो. तुम्ही एकच्या चांगल्याच वर आहात."

"म्हणजे?" आईनं विचारलं. तिचा हात लेकीच्या खांद्यावर होता.

"म्हणजे या चाचणीवरून कमतरता आहे असं म्हणता येत नाही. लहानपणी कमी असलेलं हार्मोन मोठेपणी पुष्कळांच्यात पुरेसं होतं. सुई सुरू करायची नाही. आधी मी तुम्हाला नीट मोजायला हवं होतं, ते राहिलं."

"मग मी थकते कशानं?" बटणानं विचारलं. मला तिचा हा प्रश्न फार आवडला. तिला नुसती सुटका पुरेशी नव्हती.

"ते आता शोधू. झोप कशी लागते?"

"घोरते," आई पटकन म्हणाली. "आणि मध्येच श्वास थांबल्यासारखा होतो. मी जागी होते, ही होत नाही."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"कोणी विचारलं नाही," आई म्हणाली.

मग मॅडमनी झोपेची तपासणी लिहून दिली, साखर आणि थायरॉइड बघायला सांगितलं, वजन हळूहळू कसं उतरवायचं ते सांगितलं. गरज वाटली तर वजन उतरल्यावर हीच चाचणी पुन्हा करू म्हणाल्या. कारखान्याच्या मालकासाठी त्यांनी चिठ्ठी दिली की तपासण्या होईपर्यंत बसायला उंच स्टूल द्यावं, म्हणजे कात्री सोडावी लागणार नाही. औषधाची पेटी न उघडताच परत गेली. बटण ती पेटी दाराबाहेर जाईपर्यंत तिच्याकडे बघत होती. मग तिनं खिडकीबाहेर बघितलं. बाहेर संध्याकाळ व्हायला आली होती.

जाता जाता मॅडम काय म्हणाल्या माहीत आहे? काट्याकडे बघून म्हणाल्या, "बरं झालं, वजन तरी बरोबर होतं." काट्यानं लगेच निळा उजेड पाडला. शिष्ट कुठला!

पण पुढचं ऐका. सिस्टर पेन उघडून म्हणाली, "ताई, उंची पुन्हा लिहायची आहे. एकदा शेवटची मोजून घेऊ?"

बटण आपणहून माझ्यापाशी आली. पाठ लावली. हनुवटी सरळ केली. टोपी तिच्या दोन भोवऱ्यांवर टेकली. आईला काय वाटलं कोण जाणे, तिनं पर्समधून बसचं जुनं तिकीट काढलं आणि कशीबशी वाकून लेकीच्या टाचेखाली सरकवायला गेली. तिकीट आत जाईना. तिनं दुसऱ्या टाचेशी करून पाहिलं. तिथंही जाईना. कागद तसाच दुमडला.

"टेकल्यात," आई म्हणाली. तिला उठायला वेळ लागला.

"किती लिहू?" सिस्टरनं विचारलं.

बटण माझ्याखालून न हलताच म्हणाली, "दीडशे आणि अर्धा."

तर मित्रांनो, आता म्हाताऱ्या पट्टीचं एवढं ऐका. कोणी उंची विचारली तर ओठांवर आलेला आकडा सांगू नका. भिंतीशी जा, चपला काढा, टाचा टेकवा आणि जे असेल ते कोणाला तरी वाचू द्या. आपण जेवढे असतो तेवढंच डॉक्टरांना ठाऊक असावं, नाहीतर दुसऱ्याच कोणाचं औषध आपल्या अंगात जायचं. आणि जुन्या साधनाला खोटं म्हणण्याआधी त्याला एकदा ताडून बघा. आम्ही गप्प असतो, पण चुकतोच असं नाही.

माझा स्वभाव काही सुधारलेला नाही. दुसऱ्या दिवशी काट्याला नवे सेल आले, खुर्चीला नवं कव्हर आलं, आणि माझ्या टोपीवर कोणीतरी पुन्हा छत्री अडकवली. सिस्टरनं ती काढली, हे मात्र सांगायला हवं. ती आता सगळ्यांना मोजते. आजच म्हणत होती की रविवारी मला ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसणार आहे. पुसू दे. पण टोपीच्या फटीत बटणाचा एक केस अडकून राहिला आहे, तेवढा राहू द्या. तसा केस काट्याकडे नाही.